वासराला हुडकू द्या : पहिल्या सहा तासांत सडाला लावायचं कसं?

रात्री साडेअकराला फोन वाजतो. पलीकडं धाप लागलेला आवाज. "गुरुजी, गाय व्याली. वासरू उभं राहिलंय, पण सडाला लागतच नाही. नुसतं पुढच्या पायातच तोंड घालतंय. आंधळं तर नसेल?"

आंधळं नसतं. बहुतेक वेळा चांगलं धडधाकट असतं. असे फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा येतात. करणारी पोरं हुशार असतात. दिवसा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळी करायची आणि घरी कर्ज काढून घेतलेल्या दोन एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीच्या गाई सांभाळायच्या, असा त्यांचा दिनक्रम. यांच्या आज्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही. त्यांच्या दावणीला खिलार गाई होत्या, आणि त्यांना गोठ्यात बसून राहायला वेळ होता. आता गाय बदलली आणि वेळही गेला. गुरांच्या दवाखान्यातून माहितीपत्रक मिळतं, पण ते कन्नडमध्ये. त्यात 'गिण्णद हालु' वाचून एकानं मला विचारलं, हे कुठलं औषध? औषध नाही बाबा, गिण्णद हालु म्हणजे आपला चीक, व्याल्यावरचं पहिलं दूध.

त्या चिकापासूनच सुरुवात करू. वासराला सडाला लावायची एवढी घाई का, हे कळल्याशिवाय ते कसं लावायचं हेही नीट उमगत नाही.

वासरू येतं ते हात हलवत

माणसाचं बाळ जन्माला येताना आईकडून शिदोरी घेऊन येतं. आईच्या रक्तात रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं असतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. आपण त्यांना पहारेकरी म्हणू. बाईच्या पोटात वारेतून हे पहारेकरी बाळाच्या रक्तात उतरतात. गाई-म्हशींचं तसं नाही. त्यांच्या वारेची बांधणीच अशी की अन्न जातं, प्राणवायू जातो, पहारेकरी मात्र अलीकडंच अडतात. म्हणून वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात हे पहारेकरी जवळजवळ नसतातच. गोठ्यातल्या शेणामुतात, ओल्या पेंढ्यात जे काही वळवळत असतं, त्या सगळ्यासमोर ते उघडं पडतं.

निसर्गानं ही शिदोरी चिकात बांधून ठेवली आहे. गाय व्यायच्या आधीचे तीन-चार आठवडे तिचं शरीर रक्तातले पहारेकरी उचलून कासेत साठवत असतं. नेहमीच्या दुधात प्रथिनं साधारण सव्वातीन टक्के. व्याल्यावरच्या पहिल्या चिकात ती १४ टक्क्यांच्या आसपास जातात, आणि त्यातला मोठा वाटा या पहारेकऱ्यांचा.

याचा पुरावा आपण सगळ्यांनी खाल्लेला आहे. दूध तापवलं तर साय येते. चीक तापवला तर वडी पडते. खरवस घट्ट बसतो तो चिकातल्या या जादा प्रथिनांमुळेच. पहिल्या धारेचा खरवस सुरीनं कापावा लागतो आणि तिसऱ्या दिवसाचा चमच्यानं खावा लागतो. म्हणजे चिकातला जोर दर धारेला किती झपाट्यानं उतरतो, हे आपल्या वाटीत दिसत होतंच. आपण ते वासराच्या बाजूनं कधी बघितलं नाही, इतकंच.

जाता जाता एक गोष्ट. आईनं ज्या रोगांना तोंड दिलेलं असतं किंवा ज्यांची लस घेतलेली असते, त्यांचेच पहारेकरी चिकात येतात. २०२२ मध्ये लंपी आली तेव्हा लसीची किंमत सगळ्यांना कळली. ती लस गाईपुरती नसते, पुढं वासरापर्यंत जाते. याच कारणानं, बाजारातून आठ दिवसांवर आलेली गाभण गाय आणली तर तिच्या चिकात तुमच्या गोठ्यातल्या जंतूंची ओळख नसते. घ्यायचीच असेल तर दीड-दोन महिने आधी घ्या.

रेल्वे गेट पडायच्या आत

चीक पोटात गेला म्हणजे काम झालं, असंही नाही. तो आतड्यातून रक्तात उतरला पाहिजे. एरवी आतडं कुठलंही प्रथिन अख्खं आत घेत नाही, तुकडे करूनच घेतं. नवजात वासराचं आतडं मात्र पहिले काही तास अख्खे पहारेकरी आत सोडतं. ही सवलत थोडा वेळच असते.

टिळकवाडीतलं रेल्वे गेट आठवा. गेट एकदम धाडकन बंद होत नाही. घंटा वाजते, दांडा हळूहळू खाली येतो. सायकलवाला वाकून निघून जातो, रिक्षावाला कसाबसा जातो, मग कोणीच नाही. आतड्याचं गेट जन्मल्याबरोबरच खाली यायला लागतं. पहिले सहा तास ते बऱ्यापैकी उघडं असतं. बारा तासांनी बरंच खाली आलेलं असतं. चोवीस तासांनी जवळजवळ बंद. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी तो अन्न म्हणून उपयोगी पडतो, पहारेकरी काही आत जात नाहीत.

या गेटाची दुसरी बाजूही आहे. उघड्या गेटातून पोलीसही जातात आणि चोरही जातात. वासरानं चिकाच्या आधी शेणानं माखलेली मांडी किंवा ओला पेंढा चोखला तर जंतू आधी पोहोचतात. म्हणून सड-कास धुवायची ती वासरू उभं राहायच्या आधी.

मापाचं म्हणाल तर वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक पहिल्या बारा तासांत पोटात जायला हवा, आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. पंचवीस किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर, पस्तीसचं असेल तर साडेतीन.

चार पोटं आणि उसाचं दारं

"मग पिळून ओतू की घशात, सडाला लावायचा खटाटोप कशाला?" हा प्रश्न फोनवर हमखास येतो.

गाईला पोटाचे चार कप्पे असतात. पहिला सगळ्यात मोठा, चारा मुरवायचा, तिथूनच रवंथ होतो. वासराच्या जन्मावेळी हा कप्पा कामाचाच नसतो. चीक थेट चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात गेला पाहिजे. त्यासाठी घशाच्या खालच्या टोकापासून एक पन्हळ असते. वासरू चोखायला लागलं की पन्हळीच्या दोन्ही कडा मिटतात, तिची नळी होते आणि दूध पहिल्या कप्प्याला वळसा घालून पुढं जातं.

उसाला पाणी पाजताना आपण दारं धरतो ना, तसंच हे. एका सरीचं दारं मातीनं बांधलं की पाणी पुढच्या सरीत जातं. इथं दारं बांधणारा माणूस म्हणजे चोखणं. मान वर करून, जबडा फाकवून बाटलीनं किंवा बांबूच्या नळीनं ओतलं तर हे दारं नीट बांधलं जात नाही. दूध चुकीच्या कप्प्यात पडून आंबतं. त्याहून वाईट म्हणजे, न गिळलेलं दूध श्वासनळीतून फुप्फुसात उतरतं. दोन दिवसांनी वासरू धापा टाकायला लागतं, आणि लोक म्हणतात थंडी बाधली.

वासरू हुडकतं तरी कुठं?

'हुडकणं' हा आपल्याकडचा शब्द. पुण्याची माणसं शोधतात, आपण हुडकतो. आमच्या शेजारच्या आक्का वासराबद्दल एकच वाक्य म्हणायच्या : "ओढू नगं रं त्येला, हुडकू दे." त्यात किती शहाणपण होतं हे मला पुढं वाचताना कळलं.

वासराला सड कुठं असतो याचा पत्ता ठाऊक नसतो. त्याला फक्त काही खुणा ठाऊक असतात. वर बघ. अंगाच्या खालच्या कडेनं जा. पाय आणि पोट मिळतात त्या कोपऱ्यात, अंधाऱ्या, उबदार जागी थांब. केस नसलेली मऊ कातडी तोंडाला लागली की चोख. या खुणा गाईच्या अंगावर दोन ठिकाणी जुळतात. एक कास, दुसरी पुढच्या पायाची काख. म्हणून वासरू पुढच्या पायात तोंड घालतं. ते वेडंही नसतं, आंधळंही नसतं. पत्ता बरोबर आहे, फक्त गल्ली चुकलेली आहे.

या खुणा कशासाठी तयार झाल्या ते बघितलं की एचएफची अडचणही कळते. खिलारीची कास आटोपशीर, वर अंगाला चिकटलेली, सड बोटभर. वासरानं मान वर केली की सड तोंडात. एचएफच्या तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गाईची कास बऱ्याचदा खाली लोंबते, सड जाडजूड आणि जमिनीजवळ. वासरू वर हुडकतंय आणि सड खाली आहे. ते मांडी चाटतं, पोट चाटतं, थकतं आणि बसतं. दोष वासराचा नाही. आपण जास्त दुधासाठी कास मोठी केली, वासराची अक्कल आहे तीच राहिली.

आता कामाला लागू

पहिली वीस मिनिटं सडाला लावायची घाई करू नका. नाकातोंडातला चिकटा पुसा, गोणपाटानं अंग खसाखसा चोळा, श्वास मंद वाटला तर नाकपुडीत गवताची काडी फिरवा म्हणजे शिंकतं. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. त्यानंतर वासरू गाईच्या तोंडापुढं ठेवून बाजूला व्हा. धुऊ नका. त्याच्या अंगावरच्या ओलाव्याच्या वासानंच गाय त्याला आपलं म्हणते. ती खरखरीत जिभेनं चाटते तेव्हा वासराचं रक्त खेळतं, आणि तिच्या अंगात पान्हा सोडायला लावणारं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, तयार होतं.

तोवर जमीन बघा. आपल्याकडं गोठ्यात शहाबादी फरशी घालायची हौस आहे. शेण काढायला सोपी असते, मान्य. पण चार ओले, मऊ खूर त्या फरशीवर ठरत नाहीत. तीनदा घसरलेलं वासरू चौथ्यांदा उठायचा प्रयत्नच करत नाही. दोन पोती अंथरा, नाहीतर कोरडी माती किंवा उसाचं पाचट पसरा. निरोगी वासरू तासाभरात उभं राहतं. जुलैत कणकुंबीकडच्या पावसात कुडकुडणाऱ्याला थोडा जास्त वेळ लागतो.

गाईची कास कोमट पाण्यानं धुऊन कोरडी पुसा. चारही सडांच्या दोन-तीन धारा पिळून टाका. हे विसरायचं नाही. सडाच्या तोंडाशी मेणासारखं बूच बसलेलं असतं. माणसाच्या बोटांना ते निघतं, अशक्त वासराला ते ओढून काढता येत नाही. बिचारं चोखतं, काही येत नाही, आणि त्याला वाटतं ही जागा नव्हे. या धारांमध्ये गाठी किंवा रक्त दिसलं तर त्या सडाला दगडी, म्हणजे कासेची सूज, असू शकते; वासराला दुसऱ्या सडाला लावा.

वासरू उभं राहिलं, हुडकायला लागलं, की मग तुमचं काम सुरू होतं. इथंच सगळे एक चूक करतात. मुंडकं धरतात आणि कासेत खुपसतात. एकदा करून बघा : जितकं दाबाल तितकं ते मागं रेटतं. डोक्यावर दाब आला की उलट ढकलायचं, हा त्याच्या अंगातलाच नियम आहे. जोर लावायचा तो मागून. वासराचं तोंड गाईच्या शेपटाकडं, म्हणजे दोघं एकमेकांना उलटी-समांतर. असं उभं केलं की गाईला त्याचं ढुंगण हुंगता-चाटता येतं आणि ती शांत राहते. तुम्ही वासराच्या मागं, एक गुडघा त्याच्या ढुंगणाला टेकलेला. ढकलायचं नाही, फक्त मागं सरू द्यायचं नाही.

मग दोन बोटं चिकात बुडवून तोंडात घाला आणि टाळूला हलकेच चोळा. जीभ बोटांभोवती वळते, ओढ लागते. ही ओढ बोटांना जाणवली की अर्धी लढाई जिंकली. चोखत्या बोटांसकट तोंड सडापर्यंत न्या, दुसऱ्या हातानं जिभेवर एक धार सोडा, आणि बोटं हळूच काढून सड आत सरकवा. सुरुवातीला पुढचा सड बरा. कास लोंबती असेल तर एका हातानं ती खालून उचलून धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं वासराच्या डोळ्यांवर सावली करा. अंधारल्यासारखं झालं की ते थांबतं. हनुवटीखाली बोट ठेवून जबडा वर ठेवा. कपाळ धरू नका.

सड सुटेल. परत लावा. परत सुटेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी एकदम टाळूला सड चिकटल्याचा 'चप्प' असा आवाज येतो, ओठांच्या कडेला फेस दिसतो आणि शेपूट हलायला लागतं. शेपूट हललं की तुमचा गुडघा काढून घ्या. कासेला ढुशा मारायला लागलं तर अडवू नका. त्या ढुशांनीच पान्हा उतरतो.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटांच्या वर झटू नका. नाही लागलं तर त्याला बसू द्या, अर्ध्या तासानं परत. वैतागून केलेल्या दोन तासांच्या झटापटीनं वासरू थकतं, गाय बिथरते, आणि घरातली भांडणं वेगळीच. व्याल्यापासून दोन तास होत आले तरी सडाला लागलं नाही, तर चीक पिळून निपलाच्या बाटलीनं पहिला घोट द्या आणि शिकवणी पुढं चालू ठेवा. गेट आपल्यासाठी थांबत नाही.

तोंडात बोट घातल्यावर तोंडच गार लागलं आणि ओढ अजिबात नसेल, तर मात्र हे सगळं बाजूला. वासराचं अंगचं तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असायला हवं. १०० च्या खाली गेलं असेल तर त्याची चोखायची ताकद कमी होत जाते. आधी कोरडं करा, पोत्यात गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. ओढून काढलेल्या अवघड वासरांत हे जास्त दिसतं. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

गायच जवळ घेत नसेल तर

पहिलारू गाईंचा हा खास त्रास. तिला आपण काय जन्माला घातलंय हेच कळत नाही. त्यात कास सुजून दगडासारखी झालेली असते. वासरानं तोंड लावलं की कळ येते आणि लाथ उडते. तिला मारलंत तर पान्हा हमखास चोरणार. भीतीनं अंगात जे संप्रेरक उसळतं ते पान्ह्याच्या संप्रेरकाला अडवतं. कोमट फडक्यानं कास शेका, थोडं हातानं पिळून ताण कमी करा, तोंडापुढं गूळ घातलेला कोंडा ठेवा. ओळखीच्या माणसानं पाठीवर हात फिरवत उभं राहायचं, बाकीच्या बघ्यांना बाहेर काढायचं. वासराच्या पाठीवर मीठ किंवा कोंडा चोळला की गाय निदान चाटायला तरी सुरू करते, आणि चाटता चाटता माया येते. जुनाच उपाय, आणि बरोबर आहे.

म्हशीचं थोडं वेगळं. पंढरपुरी असो वा मुऱ्हा, म्हैस पान्हा सोडायला गाईपेक्षा वेळ लावते आणि बऱ्याचदा रेडकाशिवाय सोडतही नाही. घाई करणाऱ्यानं म्हैस पाळू नये, असं माझं मत आहे.

"निसर्ग बघून घेतो की. हरणाला कोण शिकवतं?"

हरणाची कास कुणी वाढवलेली नाही, हरिणीला दाव्याला बांधलेलं नाही आणि माळावर शहाबादी फरशी नाही. आपण तिन्ही गोष्टी केल्या. म्हणून थोडी मदत करणं आपण लागतो. बाकी हा आक्षेप अगदीच चूक नाही. निम्म्याहून जास्त फोनांत माझं उत्तर "दावं लांब कर, दिवा बारीक कर आणि अर्धा तास गोठ्याबाहेर जा" एवढंच असतं.

"जार पडल्याशिवाय पाजायचं नाही, असं म्हातारी माणसं सांगतात"

हा समज आपल्याकडं घट्ट आहे, चिकोडीपासून खानापूरपर्यंत. काही गावांत जार म्हणतात, काही गावांत वार. आधी ती पडू दे, मग वासराला लाव.

आमच्या घरी पहिली संकरित गाय व्याली ती पहाटे. जार पडली दुपारी एकच्या सुमारास. तोवर आम्ही वासरू दुसऱ्या खुंटीला बांधून ठेवलं, ते हंबरत राहिलं आणि कास ठिबकत राहिली. त्यानंतर पोटभर पाजलं. वासरू नवव्या दिवशी हगवणीनं गेलं. तेव्हा आम्ही नजर लागली म्हटलं. आता हिशोब मांडला की कळतं, गेट बरंच खाली आल्यावर आम्ही चीक नेऊन पोहोचवला होता.

खरी गंमत अशी की वासरू पिऊ लागलं की गाईच्या अंगात सुटणारं ऑक्सिटोसिन पान्हाही आणतं आणि गर्भाशयही आवळतं. म्हणजे पाजल्यानं जार पडायला मदतच होते. बारा तास उलटूनही पडली नाही तर डॉक्टर. पण ते काम गाईचं, त्याचा वासराच्या पहिल्या घोटाशी संबंध नाही.

"जास्त चीक पाजला की हगवण लागते"

चीक सारक असतो, हे खरं. पोटातला पहिला काळा, चिकट मळ त्यानंच बाहेर पडतो. शेण पातळ, पिवळसर दिसलं तरी वासरू उड्या मारत असेल तर चिंता नाही. जीव घेणारी हगवण वेगळी. ती जंतूंची, पाण्यासारखी, घाण वासाची. डोळे खोल जातात आणि वासरू आडवं पडतं. चीक कमी पडला की ती जास्त गाठते. दोन्हींना एकच नाव असल्यानं हा घोळ झाला.

एक सावधगिरी मात्र गाईच्या बाजूनं. भरपूर दुधाची गाय असेल तर पहिल्या दिवशी कास पार कोरडी करू नका. चिकातून कॅल्शियम भसाभसा जातं आणि गाय थंड पडून बसते, तोच दुग्धज्वर. आपल्याकडं हंगामात नुसत्या उसाच्या वाड्यावर जनावरं काढतात. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. तेव्हा गाभण गाईला वाड्याबरोबर दुसरा चारा आणि खनिज मिश्रण हवंच. वासरू पितं तेवढ्यानं काही होत नाही, माणूस पिळतो त्यानं होतं.

"मग बाटलीच काय वाईट?"

वाईट नाही. उलट बाटलीत किती गेलं ते दिसतं, सडाला लावलेल्या वासराचं पोट किती भरलं हे अंदाजानं ठरवावं लागतं. गाईपाशी सोडलं म्हणजे प्यालं, असं समजू नका. सड ओले आणि चकचकीत आहेत का, कूस भरली आहे का, हे बघा. बाटली वापरायची तर निपलाचं भोक बारीक, चीक अंगाच्या उबेचा, आणि वासराचं नाक डोळ्यांच्या रेषेच्या वर जाता कामा नये. चोखू दे, ओतू नका. घशात रबरी नळी घालून पाजायचीही पद्धत आहे, पण ती शिकल्याशिवाय हात लावू नका.

आईला चीकच नसेल किंवा ती दगावली, तर त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या ताज्या व्यालेल्या गाईचा चीक चालतो. पहिल्या धारेचा जादा चीक बाटलीत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून विरघळवा. गॅसवर तापवला तर पहारेकरी मरतात आणि तुमच्या हातात फक्त खरवस उरतो.

"गोऱ्हा झालाय, त्याच्यासाठी एवढं?"

हा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारत नाही. पण दूध डेअरीला घालणाऱ्या घरात गोऱ्ह्याच्या आणि नर रेडकाच्या वाट्याला काय येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी उपदेश करत नाही, चाऱ्याचे भाव मलाही दिसतात. एवढंच सांगतो की पहिले चार-पाच दिवस डेअरी हे दूध घेतच नाही, तापवलं की फाटतं म्हणून. तेव्हा चीक वाचवून कमाई काही होत नाही. रेडकू मेलं तर म्हैस आटते. मग कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं उभा करायचा, नाहीतर चोरून ऑक्सिटोसिनची सुई टोचायची. दूध काढण्यासाठी जनावराला अपाय करणारी सुई टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

"मग खरवस खायचाच नाही का?"

शेवटी सगळे इथं येतात. खा की. चांगल्या संकरित गाईला पहिल्या दिवशी वासराला पुरून उरेल इतका चीक येतो. फक्त क्रम बदला. आपल्याकडं गाय व्याली की पहिली धार तांब्यात, तांब्यातून शेजाऱ्यांच्या वाट्यांत, आणि वासराला मागून. वसुबारसेला गाय-वासराला ओवाळून त्या दिवशी गाईचं दूधही न घेणारं घर, तेच घर व्यायच्या दिवशी पहिला चीक वाटून टाकतं. पहिली धार वासराला, दुसरी फ्रीजरला, त्यानंतरची चुलीला.

गेल्या पावसाळ्यात आमची गाय व्याली तेव्हा आक्का वाटी घेऊन दारात आल्या. वासराला हुडकू द्यायला शिकवलेल्या त्याच. म्हटलं, परवा या, अजून वासराचं चाललंय. त्या गोठ्यात डोकावल्या. वासरू पुढच्या पायातून निघून पोटाखालून सरकत सरकत कासेपाशी पोहोचलं होतं, शेपूट हलत होतं. वाटी पदराखाली धरून त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "परवाचा पातळ हुतोय. गूळ जरा जास्त घाल म्हंजे झालं."